त्र्यंबकरावांचा गुप्त पासवर्ड

माझ्या धाकट्या बहिणीचा, अर्चनाचा नवरा त्र्यंबकराव हे मद्रासजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात क्वालिटी बघतात. गाडीच्या सुट्या भागातला केसाएवढा फरक त्यांना दिसतो आणि ते पुरवठादाराचा अख्खा माल परत पाठवतात. घरात मात्र वायफायचा डबा फ्रिजवर, लोणच्याच्या बरणीमागे, आणि त्याचा पासवर्ड कंपनीने खाली चिकटवून दिला तोच. साहेबांनी तो कधी बदलला नव्हता. त्यांच्या मते घरातल्या वस्तूंना क्वालिटी लागत नाही.

वेस्ट मांबलमला राहायला येऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. तेवढ्या काळात त्यांना तमिळचे दोन शब्द आले, 'इल्लै' आणि 'पोदुम', म्हणजे 'नाही' आणि 'पुरे'. त्यावर त्यांचं छान भागत होतं, कारण त्यांची एक ठाम समजूत होती: इथे मराठी कुणालाही कळत नाही. त्यामुळे ते कुणाविषयीही, कुणाच्याही तोंडावर, खणखणीत मराठीत बोलत. जिन्यात समोरच्या फ्लॅटमधला वेंकट भेटला की हसून हात हलवायचे आणि त्याच दमात अर्चनाला सांगायचे, "हा बघ, तोंडावरून चोर वाटतो की नाही?" वेंकट बिचारा "गुड मॉर्निंग सार" म्हणायचा. मी एकदा म्हटलं, "त्र्यंबकराव, जरा जपून." तर मला म्हणाले, "ताई, आपली भाषा म्हणजे इथे आपली प्रायव्हसी आहे." असल्या माणसाला माझ्या बहिणीने पसंत केलं, याचा मला अजून राग येतो.

अर्चना घरून काम करते. परदेशातल्या ग्राहकांशी रोज दुपारी तिच्या मीटिंगा असतात. गेल्या महिन्यात त्या तुटायला लागल्या. आवाज फाटायचा, चित्र गोठायचं. शेवटी तिच्या मॅनेजर सुष्मिताने स्वच्छ सांगितलं: शुक्रवारचं सादरीकरण नीट झालं तर ठीक, नाहीतर पुढच्या महिन्यापासून ऑफिसात येऊन बसायचं. ऑफिस सिरुसेरीला, म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला. रेवा चार वर्षांची, तिची शाळा दुपारी सुटते. ऑफिसात बसायचं म्हणजे अर्चनाला नोकरी सोडणंच भाग होतं. ती फोनवर मला म्हणाली, "ताई, मला ही नोकरी हवी आहे गं," आणि रडली.

माझं कामच नेटवर्कचं. मैलापूरहून मी त्याच रविवारी गेले. लॅपटॉपवर वायफायचं पान उघडलं, तर घरातल्या उपकरणांबरोबर एक अनोळखी टॅब्लेट जोडलेला. अर्चनाच्या मीटिंगांच्या वेळेला तो भरपूर व्हिडिओ ओढत होता.

"चोर!" त्र्यंबकराव ओरडले. "मी म्हटलं नव्हतं? वेंकटच!"

मी त्यांना समजावलं. डबा जुना झाला आहे, नवा आणा. पासवर्ड लांब आणि वेडावाकडा ठेवा. नुसतं बटण दाबून कुणालाही आत घेण्याची सोय असते, ती बंद करा. डब्याच्या सेटिंगचा पासवर्डही बदला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डब्याचं पुढे बघू. पासवर्ड माझ्यावर सोडा. असा ठेवतो की इथल्या कुणाच्या बापाला सुचणार नाही."

मग काय, महाशय लॅपटॉप घेऊन मागच्या बाल्कनीत उभे राहिले आणि स्वयंपाकघरातल्या अर्चनाला ओरडून सांगायला लागले, "अगं, खरवस! खरवस टाक तुझ्या फोनमध्ये! सगळी लहान अक्षरं, पुढे एक दोन तीन!" बाल्कनीच्या खाली दुसरी बाल्कनी, शेजारी तिसरी. मी कपाळाला हात लावला. ते म्हणाले, "ताई, खरवस म्हणजे काय हे मद्रासमध्ये कोण सांगेल?"

दुसऱ्या दिवशी टॅब्लेट पुन्हा हजर. त्यांनी थालीपीठ ठेवलं. तेही तसंच ओरडून. टॅब्लेट पुन्हा हजर. आता त्यांची खात्री पटली की वेंकट साधा चोर नसून मोठा हॅकर आहे. त्यांनी वेंकटच्या दारावर रोखलेला एक वायफाय कॅमेरा जिन्यात बसवला. मग दुसरा. मग बाल्कनीत तिसरा. हे तिन्ही कॅमेरे दिवसभर चित्रं बाहेर पाठवत बसायचे, आणि अर्चनाची बुधवारची मीटिंग चहा निवायच्या आत तुटली. चोरापेक्षा राखणदारच जास्त खात होता. हे मी सांगितलं, तर म्हणाले, सुरक्षेला थोडी किंमत मोजावी लागते. किंमत मोजत होती माझी बहीण. हे मोकळे.

गुरुवारी संध्याकाळी मी नवा डबा घेऊन गेले आणि त्यांना रेवाबरोबर बागेत पिटाळलं. तिन्ही कॅमेरे काढले. फ्रिजवरचा जुना डबा काढून नवा अर्चनाच्या टेबलाजवळ ठेवला. नको त्या सोयी बंद केल्या. पासवर्ड मीच ठरवला आणि तोंडातून अवाक्षर न काढता तिच्या लॅपटॉपमध्ये टाकला. परत आल्यावर त्यांनी विचारलं, "काय ठेवला?" मी म्हटलं, "शुक्रवारनंतर."

शुक्रवारी ते रजा टाकून जिन्यात पहारा द्यायला बसले. आत अर्चनाचं सादरीकरण झालं. एकदाही अडखळलं नाही. शेवटी सुष्मिता म्हणाली, घरूनच काम चालू ठेव. अर्चनाने लॅपटॉप मिटला आणि माझ्या गळ्यात पडली.

तेवढ्यात त्र्यंबकराव आत आले आणि त्यांच्या मागोमाग खालच्या मजल्यावरच्या मामी. सत्तरी उलटलेली बाई, नऊवारीसारखीच पण जरा निराळी नेसलेली. इमारतीत सगळे त्यांना मामी म्हणत, म्हणून हेही म्हणत. दोन वर्षांत नाव विचारायची गरज यांना वाटली नव्हती. मामींच्या हातात टॅब्लेट होता.

"कालपासून नेट येईना," मामी त्र्यंबकरावांना म्हणाल्या. स्वर तमिळ, पण शब्द मराठी, जुन्या वळणाचे. "ह्या वेळीं पासवर्ड ओरडला नाहींत?"

मीच विचारलं, "मामी, तुम्ही मराठी?"

"मी राजसबाई. आम्ही तंजावरचे. घरांत हेंच बोलतों." त्या खुर्चीवर बसल्या. "तुम्ही आलांत त्या दिवशीं मोठ्या हौसेनें बोलायास वर आलें होतें. दारांतच ऐकलें, हे बायकोस सांगत होते, खालची म्हातारी रिकामटेकडी दिसते, दारास कान लावून बसेल. मग गेलें तशीच."

"मामी, मी... तसं नव्हतं..." त्र्यंबकराव पुटपुटले.

"असूं दे. दोन वर्षें तुमचें अस्कें बोलणें ऐकलें, सगळें. वेंकटचें, वॉचमनचें, माझें. त्यांत कामाचें एकच होतें, तेवढें घेतलें. दुपारीं संगीत सभेचीं गाणीं बघत होतें." मग त्या अर्चनाकडे वळल्या आणि आवाज मऊ झाला. "तुझें काम अडतें हें मला ठाऊक नव्हतें गो. तेवढें मात्र हे कधीं ओरडले नाहींत."

अर्चना नवऱ्याकडे बघत राहिली. तिचं ते बघणं मला आवडलं. इतक्या दिवसांत मी दहा भाषणं दिली असती तरी ते जमलं नसतं.

मग तिने मामींना कॉफी दिली. माझ्याकडून डब्यावर पाहुण्यांसाठी वेगळी जोडणी करून घेतली आणि मामींच्या टॅब्लेटमध्ये स्वतः पासवर्ड टाकला. मामींनी तिला सांगितलं की मीटिंग असेल तेव्हा रेवाला खाली पाठव, माझा मुलगा श्रीवत्स परदेशात, घरांत आतां मराठी बोलायास कोणी नाही.

त्र्यंबकराव इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी फोन पुढे केला. "मलाही टाकून दे ना."

"तू मोबाईलचंच नेट वापर," अर्चना म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.