पाहुण्याला पाय लागला

मुंबईहून शिकून आले तेव्हा माझी ऐट विचारू नका. बंद पडलेलं हृदय हातांनी दाबून कसं चालू ठेवायचं, हे मी आमच्या रत्नागिरीच्या हॉस्पिटलातल्या नर्सेसना शिकवणार होते. त्यासाठी रबराचा एक अर्धा माणूस आला होता, डोक्यापासून कमरेपर्यंतचा. छाती नीट दाबली की आतून टक आवाज यायचा. सगळ्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव पाहुणा ठेवलं आणि उघडा दिसतो म्हणून त्याला चादर पांघरली.

बाकीच्या भराभर शिकल्या. घोडं अडलं ते देवरूखच्या सिस्टरांपाशी. वयाने माझ्याहून मोठ्या, पण अगदी ठेंगण्या. खाटेवर चढून गुडघे टेकल्याशिवाय त्यांना जोर लावता येईना, आणि चढल्या की पाहुण्याला पाय लागायचा. पाय लागला की त्या थांबत, त्याला हात लावून तो आपल्या कपाळाला लावत आणि मग पुन्हा दाबायला घेत. तेवढ्यात खरा पेशंट हातचा गेला असता.

माझा पारा चढला. मी म्हटलं, "ताई, हृदय बंद पडलेल्याला पाय लागल्याचं काही वाटत नाही हो."

"अगो, पण तो जगायचाय ना? मग मी त्याला काय तोंड दाखवू?"

नमस्कार करायचाच तर शेवटी करा, मधे हात उचलायचा नाही, असं मी दरडावलं. त्या 'बरं' म्हणाल्या, लहान मुलाला म्हणतात तसं.

पुढे मिरकरवाडा बंदरातला एक तांडेल, मच्छीमार बोटीचा म्होरक्या, भरती झाला. भर दुपारी पापलेटच्या भावावरून आमच्याशी हुज्जत घालता घालता त्याची मान कलली. नाडी लागेना. मी श्वास द्यायची पिशवी घेऊन डोक्याशी उभी राहिले, सिस्टर खाटेवर चढल्या. त्यांचा पाय त्याच्या मांडीला लागलेला मला स्पष्ट दिसला. आता थांबतील, आता थांबतील, म्हणून मी त्यांच्या हातांकडेच बघत राहिले.

हात थांबले नाहीत. डॉक्टर धावत आले, शॉक दिला, आणि नाडी लागली.

सिस्टर घामाने निथळत खाली उतरल्या. तांडेलाला हात लावून त्यांनी तो कपाळाला लावला, सावकाश, दोनदा. दोनदा कशाला, मी विचारलं.

"दोन्ही पाय लागले ना गो."

माझा पाय कुणालाच लागला नव्हता, तरी माझाही हात कपाळाकडे गेला.