पहिल्या कळपाला वाट

विमान इतकं लहान की चढण्याआधी माझं आणि सॅकचं वजन एकत्रच केलं. आमच्या बेलव्ह्यू शहरातून निघाल्यापासूनचं हे तिसरं विमान. खाली उत्तर अलास्काचं खुरटं रान लालभडक झालं होतं आणि डोंगरमाथ्यांवर बर्फ उतरू लागला होता. कॅरिबू (थंड प्रदेशातली मोठी हरणं) नदी ओलांडताना पाहायचीच, असं मी ठरवून आले होते.

उतरले ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मावशीकडे. इन्युपियाक या तिथल्या आदिवासी समाजातली ही साठीची बाई. सगळं गाव तिला 'आना' (आजी) म्हणतं. वर्षभराच्या मांसाला पाच कॅरिबू तिला लागतात. कळप हल्ली उशिरा येतात, म्हणून नदी गोठायच्या आत मिळतील तेवढेच.

बोटीने काठावर पोचल्यावर तिने नियम सांगितला. “पुढच्यांना जाऊ द्यायचं. वाट त्यांना ठाऊक असते, मागचे त्यांच्या मागोमाग येतात. तोवर पडून राहा.”

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या काठावर एक मादी आली, मागे अख्खा कळप. मला कुठला धीर! व्हिडिओ काढायला मी ताडकन उभी राहिले. मादी वळली, आणि तिच्यामागे सगळेच वळले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आनाने थर्मासमधला चहा ओतला आणि मला एक जाड, कडक बिस्किट दिलं.

संध्याकाळी नवऱ्याचा, मंदारचा फोन आला.

“परतीचं तिकीट कॅन्सल केलंस? सोमवारी तुझं सॉफ्टवेअर रिलीज आहे यार.”

“मी नसले तरी रिलीज होईल. आनाच्या वाट्याचं मांस आपोआप घरी येणार नाही.”

पुढचे तीन दिवस काठ रिकामाच. चौथ्या दिवशी पाण्याच्या कडेला बर्फाचा पापुद्रा धरला होता. मी ओल्या शेवाळात पालथी पडले. पुढची हरणं नदी ओलांडून अगदी जवळून गेली. त्यांच्या पायांचा टकटक आवाज येत होता. आनाने बंदूक उचललीच नाही. बरीच पुढे गेल्यावर तिने मागच्यांतली तीन टिपली, तेवढ्यात धुकं उतरलं. जन्माची शाकाहारी मी, पण मांडीचे तुकडे पाठीवर घेऊन बोटीपर्यंत खेपा घातल्या.

दुसऱ्या दिवशी नदी गोठली आणि बोटी वर ओढल्या गेल्या. निघताना मी विचारलं, तीन पुरतील का?

“पुरवावी लागतील,” आना म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. इथे बेलव्ह्यूला सगळे फोटो मागतात. मी खरं ते सांगते: पाच हवी होती, तीन मिळाली, बाकीची मी परत पाठवली. पुढच्या सप्टेंबरची रजा आजच टाकली आहे.