नस्टर्शियमच्या बिया आणि आईचा हात

वडिलांच्या अल्सरनं आमच्या घरातलं तिखट नेलं आणि दोन वर्षांनी त्यांच्या हृदयानं मीठ. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात शोक झाला तो फक्त तिखटाचा. खर्डा बंद झाला तेव्हा चुलत्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे हळहळले. मीठ बंद झालं तेव्हा कुणी ‘च्च’सुद्धा केलं नाही. मिठाचं काय, सवय होते, असं मीच म्हणाले होते.

मी नोकरी करते, लग्न केलं नाही, आई-वडिलांजवळच राहते. भाऊ पुण्याला. गच्चीवरच्या कुंड्या हा माझा नाद. मागच्या हिवाळ्यात केशरी फुलांसाठी नस्टर्शियम लावलं होतं. त्याची पानं खातात असं कुठंतरी वाचलेलं, म्हणून एक चावून बघितलं. कच्च्या मुळ्यासारखा झणका थेट नाकात गेला. ना मिरची, ना मीठ. मी खाली पळाले आणि वडिलांच्या भाकरीवर चार पानं ठेवली. खाऊन त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “ह्यात दम हाय की,” म्हणाले, आणि त्या दिवशी अर्धी भाकरी जास्त खाल्ली. पोटालाही काही झालं नाही.

इथपर्यंत माझं काहीच चुकलं नव्हतं. मार्च लागला, ऊन तापलं आणि वेल पिवळा पडायला लागला. किती पानं राहिली, असं वडील रोज विचारायचे. जन्मभर आईच्या हाताचं कौतुक ऐकत आले होते मी. आता वडील ताटावरून मला हाक मारत होते. तो मान मला सोडवेना.

फूल गळलं की मागं तीन-तीनच्या झुपक्यानं हिरव्या बिया धरतात, पानांसारख्याच झणक्याच्या. कोवळ्या असताना त्या मिठाच्या पाण्यात दोन दिवस ठेवायच्या, मग मीठ घातलेल्या व्हिनेगरात भरायच्या, की कितीतरी महिने टिकतात. ही कृती वाचताना मला मीठ दिसलं नाही, असं मी म्हणणार नाही. दिसलं. म्हटलं, धुऊन देऊ, पाच-सहाच देऊ.

आठ दिवस धुऊन दिल्या. धुतल्यावर दम जातो, अशी वडिलांनी तक्रार केली. मग तशाच द्यायला लागले, आणि पाच-सहाची वाटी झाली. दुपारी आई भाजीला गेली की आम्ही दोघं बरणी काढायचो. अळीमिळी गुपचिळी.

मे महिन्यात त्यांचे पाय सुजले. एका सकाळी चप्पल चढेना, धाप लागली. चार दिवस दवाखान्यात काढावे लागले. एवढं मीठ पोटात जातंय कुठून, असं डॉक्टरांनी विचारलं. पुण्याहून धावत आलेला भाऊ आईवरच उखडला. आमटी चाखून बघायची तिची सवय सगळ्यांना ठाऊक. तुला राहवलं नसेल, टाकलं असशील चिमूट-चिमूट, असं तो सगळ्या वॉर्डासमोर म्हणाला. आई आधी नाही म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, “सवयीनं पडलं आसंल बाबा. हाताला काय कळतंय.”

मी शेजारीच उभी होते. वडिलांनी खाटेवरून माझ्याकडं बघितलं, आणि मी खिडकीबाहेर बघायला लागले.

घरी आल्या आल्या बरणी मोरीत ओतली. वाटलं, संपलं. पण आईनं आम्हा दोघींपुरता ठेवलेला मिठाचा डबा माळ्यावर टाकला आणि स्वतःही अळणी जेवायला लागली. वर रोज आमटी चाखायला मला हाक मारायची. तिला स्वतःच्या जिभेचाही भरवसा राहिला नव्हता. मी चाखायचे, बरोबर आहे म्हणायचे. असे चार महिने गेले. लाज रोज वाटायची, पण तोंड उघडायचं नाही. निव्वळ भित्रेपणा, दुसरं काही नाही.

गेल्या आठवड्यात शेजारीण नातीच्या बारशाचं सांगायला आली. गल्लीतल्या प्रत्येक बारशाची आमटी आईच्या हातची, हे ठरलेलं. आईनं हात जोडले आणि दुसरी कुणी बघा म्हणून सांगितलं. शेजारीण जिना उतरली तसं मी ओट्याशी जाऊन सगळं ओकले. बिया, मीठ, बरणी, वडील, दुपार, सगळं. आता शिव्या बसणार म्हणून मान खाली घालून उभी राहिले.

“म्हंजे माझा हात चुकला न्हवता,” आई म्हणाली.

नव्हता, मी म्हणाले. तिनं पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मग पदराला हात पुसून ती बाहेरच्या खोलीतून माझा मोबाईल घेऊन आली.

“लाव तुझ्या भावाला. चार लोकांत बोलला हुता त्यो. माझ्या म्होरं सांग त्याला.”

लावला. आईची काही चूक नव्हती, एवढं बोलले आणि मला रडू फुटलं. पलीकडून भाऊ काय झालं, काय झालं विचारत होता. आई माझ्या अगदी जवळ येऊन उभी राहिली.

“रड मागनं,” ती म्हणाली. “आदी सगळं सांग.”