सात फुटांची जागा

भंडाऱ्याजवळ महामार्गालगत उघडलेल्या एका सुपरमार्केटचे ते प्रकरण मला अजून तपशीलवार आठवते. जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया वेगळा झाला त्याला बरीच वर्षे लोटली होती. मी त्या भागात ठाणेदार होतो.

महिनाभरात सात अर्ज आले. सगळ्यांचा मजकूर एकच: पार्किंगमध्ये गाडी लावली, सामान घेऊन आलो, तर दारावर ओरखडा किंवा खड्डा. तक्रारी अदखलपात्र होत्या. नोंद करून अर्जदारांना कोर्टाची वाट दाखवता आली असती. पण जवाहरनगरचे एक अर्जदार रोज ठाण्यात येऊन बसू लागले. त्यांची गाडी नवीकोरी होती.

"तो पार्किंगचा चौकीदारच करतो हे. मी त्याला एकदा झापलं होतं, त्याचा राग काढतो," ते म्हणाले. सुपरमार्केटच्या मॅनेजरनेही त्याच्याकडेच बोट दाखवले.

चौकीदार शहापूरचा, पन्नाशीचा माणूस. आम्ही त्याला घरून आणले. दोन दिवस ठाण्यात बसवले. किल्ल्या तपासल्या, खिसे तपासले. मी आवाज चढवला, तरी उत्तर बदलले नाही.

"साहेब, मी काहून कोनाची गाडी खराब करीन? मले त्याच्यातून का भेटते?"

खोटे बोलणारा माणूस दुसऱ्या दिवशी हकिकतीत काहीतरी भर घालतो. याने एक शब्दही वाढवला नाही. ते मला दिसत होते, पण प्रकरण मिटवायची घाई झाली होती. त्याला सोडले, तोवर मॅनेजरने कामावरून काढून टाकले होते.

दोन दिवसांनी पार्किंग झाडणारी बाई ठाण्यात आली. बस म्हटले तरी बसली नाही.

"साहेब, तो गेला तरी काल एका गाडीले लागलंच. दिवाळीच्या आधी नवे पट्टे मारले, तवापासून हे होऊन राहिलं. तुमी एकदा मोजून त पाहा."

हवालदाराला टेप घ्यायला सांगून मी निघालो. नव्या पांढऱ्या पट्ट्यांच्या बाजूला काळ्या रंगाने बुजवलेले जुने पट्टे अजून दिसत होते. जुन्या दोन पट्ट्यांमध्ये साडेआठ फूट भरले, नव्यांमध्ये सात. गाडी मावत होती. दार उघडायला जागा उरत नव्हती.

मी जवाहरनगरच्या अर्जदारांना बोलावले. ते आईला घेऊन आले होते. दोन गाड्यांच्या मधल्या जागेत गाडी लावा, म्हटले. त्यांनी लावली आणि नेहमीप्रमाणे उतरून आईसाठी मागचे दार उघडले. म्हातारीने पाय बाहेर काढायला दार जरा ढकलले, तेच शेजारच्या गाडीवर आदळले. आवाज सगळ्यांनी ऐकला. त्यांच्या गाडीवरचा खड्डाही बरोबर तेवढ्याच उंचीवर होता.

त्यांनी आपल्या गाडीवरच्या खड्ड्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्हणजे मीही कोणाच्या तरी गाडीला लावलं असेल."

मॅनेजरला बाजूला घेतले. तो लगेच कबूल झाला. सणाच्या गर्दीत जास्त गाड्या बसवायच्या म्हणून पट्टे जवळ घेतले होते. ग्राहक ओरडू लागले, तेव्हा चौकीदाराचे नाव सांगणे त्याला सोपे वाटले. मी त्याचा जबाब घेतला आणि पट्टे पूर्ववत करायला लावले. चौकीदाराला परत घेतो, असे त्याने लिहून दिले.

तो कागद घेऊन मी शहापूरला एका शिपायाला पाठवले. शिपाई एकटाच परत आला.

"नोकरी नको म्हणते साहेब. म्हणते, नेलं तवा पोलिसाची गाडी दारात आली होती, सारा मोहल्ला पाहून राहिला होता. सोडलं तवा मी पायी आलो. कोनाले का मालूम, सुटलो का पळून आलो?"

माणूस निर्दोष निघाला तर त्याच्या घरी जाऊन तसे सांगा, असे आमच्या कुठल्याच नियमात लिहिलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, माणसे कामावर निघायच्या वेळी, मी गणवेश घालून सरकारी गाडीने शहापूरला गेलो. गाडी त्याच्या दारात उभी केली. शेजारीपाजारी जमले. त्याची बायको आणि मुलगी उंबऱ्यात आल्या. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "या माणसाने काहीही केलेले नाही. चूक आमची झाली."

मुलीने आतून खुर्ची आणून ठेवली.

पुढे निवृत्त होईपर्यंत, चौकशीतून कोणी निर्दोष सुटला की मी त्याला ठाण्याच्या गाडीने घरापर्यंत सोडत राहिलो. तेही दिवसाउजेडी.