गोळीवर दोन झाकणं

आर्णीचा बाजार, महागावचा बाजार आणि मधल्या दोन गावांचे बाजार, अशा चार ठिकाणी मी सुकी लाल मिरची विकते. नवरा गेला तेव्हा सासरच्यांनी माझ्या हातात रक्ताचा रिपोर्ट आणि कपड्यांची पिशवी देऊन दार लावून घेतलं. त्यानंतर ताडपत्रीपासून तराजूपर्यंत सगळं मी एकटीनं उभं केलं. म्हणून माझ्या शब्दावर कोणी शंका घेतली की माझं डोकं फिरतं. यवतमाळच्या एआरटी सेंटरमधल्या, म्हणजे एचआयव्हीच्या दवाखान्यातल्या, समुपदेशक मॅडमनं ती घेतली.

त्याच्या वर्षभर आधी माझी गोळी बदलली होती. आधीची रात्री घ्यायची आणि तिनं सकाळपर्यंत गरगरायचं. नवीनही एकच गोळी, आत तीन औषधं, पण तिनं चक्कर येत नव्हती. फक्त रोज त्याच वेळेला घ्यायची. मी सकाळचे सहा धरले. टेम्पोत पोती चढली की गोळी. सोबतच्या बायकांना ती बीपीची म्हणून माहीत होती.

आणि तरीही त्या दिवशी मॅडम रिपोर्टवरून नजर न काढता म्हणाली, "काकू, रक्तातला विषाणू वाढलाय. गोळ्या चुकून राह्यल्या का?"

"एक बी नाही."

"उरलेल्या गोळ्या तर बरोबर आहेत. पण इथं यायच्या आधी गोळ्या फेकून डबा बरोबर करणारे बी असतात."

"मी मिरचीत खडे टाकून वजन वाढवत नाही, अन् गोळ्या फेकून डबा बी जुळवत नाही."

"चिडू नका काकू."

"चिडू नाही तं काय करू? तुम्ही मले चोर म्हणून राह्यल्या."

बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावायला लागली. मॅडमनं उठून दार लोटलं. मग हळू आवाजात सांगितलं की तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. तेव्हाही विषाणू उतरला नाही, तर ही गोळी माझ्यावर चालेनाशी झाली असं धरून डॉक्टर पुढची औषधं बघतील, आणि पुढं पुढं पर्याय कमी होत जातात.

नवऱ्याचे शेवटचे चार महिने मी पाहिले होते. पाणी पाजलं तरी घशात रुतायचं त्याच्या. गोळी चालली नाही तर पुढं काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"तुम्ही गोळी घेता कशी, ते दाखवा बरं," मॅडम म्हणाली.

"लहान पोरगी हाये का मी?"

"दाखवा तं खरं."

मी रागानं उठले. चिमटीत गोळी धरल्यासारखं केलं, तोंडात टाकली, पिशवीतून पाण्याची बाटली काढून घोट घेतला. आणि त्या तावातच हात सवयीनं पुन्हा पिशवीत गेला. गुलाबी औषधाची बाटली बाहेर आली. मी झाकण भरून प्याले. दुसरं भरलं.

"थांबा. हे काय?"

"हे काही नाही. पोटाचं हाये."

"रोज घेता?"

"रोज. गोळीवर लगेच दोन झाकणं. मंग दिवसभर आग होत नाही."

ती बाटली उचलून मला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

पोटाचं सांगायला हवं. बोंडअळीनं कापूस खाल्ला, उरल्याला भाव मिळेना, त्या वर्षांत बायका किलोच्या जागी पावभर मिरची मागायच्या, तीही हुज्जत घालून. माल तिखट आहे हे पटवायला मी त्यांच्यासमोर मिरची चावायचे. एका बाजारात पंधरा-वीस वेळा. वर उपाशीपोटी चहा. मेडिकलवाल्यानं ती बाटली दिली आणि मला ती मानवली.

डॉक्टरांनी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं. "ॲसिडिटीच्या या औषधातलं मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम तुमच्या गोळीला पोटातच धरून ठेवते. ती रक्तात पुरेशी जातच नाही. हे औषध घ्यायचंच असलं तर गोळीनंतर निदान दोन तासांनी. अन् हे आधी घेतलं तर पुढं सहा तास गोळी नाही." मग त्यांनी पोटासाठी दुसरी कॅप्सूल लिहून दिली. ती या गोळीच्या आड येत नव्हती.

"मंग इतके दिवस मले कोणी विचारलं काहून नाही?" मी आवाज चढवला.

मॅडमनं माझी फाईल उघडून पुढ्यात ठेवली. "दर वेळी विचारलं काकू. काही त्रास? दुसरं कोणतं औषध? पाहा, सगळीकडे 'नाही' लिहिलंय."

लिहिलेलं खरं होतं. ज्याला तक्रार नाही, त्याला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळायच्या. तक्रार असली की दर महिन्याला बोलावणं, म्हणजे दर महिन्याला एक बाजार बुडाला. मालाची खोड आपण होऊन सांगायची नाही, ही माझी धंद्यातली रीत. ती मी दवाखान्यातही चालवली होती.

पुढचे तीन महिने मी मिरची चावली नाही. महागावला एकीनं टोमणा मारलाच, "काहो बाई, आज चावून नाही दाखवत? फिका दिसते माल."

"तू चाव. तिखट नाही लागली तं फुकट ने."

तिनं चावली आणि पदर तोंडात कोंबून अर्धा किलो घेतली. पण माझं चित्त मालात नव्हतं. रोज सहाला गोळी गिळली की वाटायचं, आत जाते आहे की अडकते आहे?

रक्त दिलं, आणि बऱ्याच दिवसांनी निकालाला गेले. मॅडम संगणकाकडे बघत राहिली. मी टेबलाची कड धरली.

"उतरला काकू. सापडण्याइतका बी नाही राहिला."

श्वास सुटला तसं मी म्हटलं, "मंग म्हणा आता, बाई खोटी नव्हती."

"गोळ्यांच्या बाबतीत नव्हती. बाटलीच्या बाबतीत होती."

माझं डोकं पुन्हा तापलं. तिनं पेन उचललं. "काही त्रास?"

'नाही' जिभेवर आलं होतं. मी पिशवीतून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "गुडघे दुखते. मेडिकलातून हे आणलं. अजून सुरू नाही केलं."

तिनं वाचलं. "कॅल्शियम आहे. हे बी गोळीला अडवू शकते. बरं झालं दाखवलं. डॉक्टरांशी बोलूनच सुरू करा. आता किती गोळ्या द्यायच्या?"

"तीन महिन्यांच्या."

"एका."

"दोन तरी द्या."

"दोन. पण पिशवी अशीच उघडून दाखवायची दर वेळी."

दोन महिन्यांच्या गोळ्या घेऊन मी एसटी स्टँडवर आले. पिशवी तेव्हापासून दर वेळी उघडते. चोर म्हटल्याबद्दल मात्र तिनं आजवर माफी मागितलेली नाही, आणि ते मी विसरलेले नाही.