पाटीवरची मोकळी जागा

आमच्या घराच्या पाटीवर माझ्या नावाआधी चार बोटं जागा मोकळी आहे. सात वर्षांपूर्वी पीएचडीला नाव नोंदवलं, त्याच आठवड्यात पाटी करून घेतली आणि ‘डॉ.’साठी जागा सोडायला लावली. पाहुण्यांना वाटतं, रंगाऱ्याचा अंदाज चुकला. चुकला तो माझा.

माझा विषय कार्बनचे धागे. भट्टीत तापवले की त्यांच्या आतले थर नीट रचले जातात, हे मला दाखवायचं होतं. आतलं कळतं क्ष-किरणांच्या यंत्रावर. रचना नीट असेल तर आलेखात सुईसारखं टोक येतं, नसेल तर नुसता उंचवटा. सात वर्षं माझ्या वाट्याला उंचवटेच आले होते, आणि शेवटची मुदतवाढ दिवाळीला संपत होती.

सातपूरच्या कारखान्यांसारखी आमच्या प्रयोगशाळेतही खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. रांगोळी मीच काढली. स्वस्तिक कोणीही काढतं, म्हणून मी टेबलावर कार्बनची षटकोनी जाळी काढली, वर फोटोही काढवून घेतले. मग त्याच हातांनी धाग्यांची जुडी पट्टीवर चिकटवून ठेवली.

दसऱ्यानंतर ती यंत्रात लावली आणि पडद्यावर टोक आलं, हवं तिथंच. मी पेढे वाटले. माझे मार्गदर्शक माझ्याहून सहा वर्षांनी लहान. ते मला सर म्हणतात, मी त्यांना. पेढा खात ते म्हणाले, “छान. सर, दुसरी जुडी लावून एकदा परत बघा.”

दुसऱ्या जुडीला उंचवटा. तिसरीलाही. पहिली भिंगाखाली धरली, तर काळ्या धाग्यांवर पांढरे कण. रांगोळी म्हणजे गारगोटीची पूड, आणि तिचं टोक जवळपास तिथंच येतं. हे मी एमएस्सीच्या पोरांना दरवर्षी शिकवतो.

गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं नसतं. दोन दिवस बसलोही. तिसऱ्या दिवशी सरांना सांगितलं.

त्यांनी कॅलेंडरवर दिवाळीची तारीख बघितली. “सर, मग नव्याने नोंदणी करावी लागेल,” म्हणाले.

घरी बायको दिवाळीच्या साफसफाईत होती, स्टुलावर चढून पाटी पुसत. मी खालूनच तिला सगळं सांगितलं. मला फार लाज वाटत होती.

“रंगाऱ्याला बोलावतो,” मी म्हणालो. “नाव मधोमध घेऊ.”

तिने फडकं पिळून ती मोकळी जागा परत एकदा पुसली.

“राहू द्या,” ती म्हणाली. “पुढच्या वेळी हात तेवढे धुवा.”