खिडकीचा गज धरणारा माणूस

कॉम्प्युटर उघडायच्या आधी तो माणूस खिडकीचा गज धरायचा. चांगला माझ्याकडं बघत. "अंगातली वीज सोडून देतो, आबा. न्हाईतर आपल्याच हातानं माल मरतो."

मला वाटलं, सोंग आहे. शिरूरच्या एसटी स्टँडामागं त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, राहायला नदीपलीकडं राहू गावात. गिऱ्हाइकावर छाप पाडायला अशी माणसं काय काय करतात, ते तुम्हीही पाहिलं असेल. मी तिसरी शिकलेला, पण पन्नास वर्षं विहिरीवरच्या मोटरी मीच खोलल्या, मीच जोडल्या. कधी गज धरला नाही.

त्याला बोलवावं का लागलं, ते सांगतो. माझा पोरगा कंपनीत कामाला होता. गेम खेळायला म्हणून त्यानं एकेक भाग आणून घरातच कॉम्प्युटर जोडला. चित्र अडकत अडकत चालायचं, म्हणून शेवटी त्यानं ग्राफिक कार्ड मागवलं. ते यायच्या आत पोरगा अपघातात गेला. तेराव्यानंतर दोन दिवसांनी कुरिअरवाला दारात आला आणि पोराचं नाव घेऊन म्हणाला, "आहेत का?"

पोराची आई म्हणाली, "अवो, माघारी पाठवा."

"त्यानं मागवलंय," मी म्हणालो. "बसणार म्हंजी बसणार."

आणि मीच बसवलं. पंखे फिरले, दिवे लागले, पण पडदा काळा. आठ दिवस झटलो, मग नाक मुठीत धरून त्याला फोन केला.

त्यानं आत डोकावलं. "ही वायर का सोडली?"

"जादा वाटली."

"आबा, कंपनी एक स्क्रूसुद्धा जादा देत न्हाई."

ती वायर त्यानं कार्डाला जोडली. पडद्याची वायर जुन्या जागेवरनं काढून कार्डात घातली. तरी अंधारच. कार्ड काढलं की चित्र यायचं, घातलं की पडदा काळा.

"खोट कार्डातच हाय. माघारी पाठवू, दुसरं देतील."

"दुसरं नको."

"डिट्टो तसंच असतं, आबा."

"दुसरं त्यानं मागवलेलं नसंल."

भिंतीवरच्या फोटोकडं त्यानं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग कार्ड घेऊन ओट्यावर उन्हात गेला. कार्डाच्या खालच्या कडेला सोनेरी दात असतात, ते आतल्या खाचेत बसतात. त्या दातांवरनं त्यानं बोट फिरवलं. बोट लाल झालं.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? नवी मोटर असो नाहीतर ट्रॅक्टर, हळदकुंकू लावल्याशिवाय आमच्यात बटण दाबत नाहीत. मी ओलं कुंकू लावलं होतं. आणि सगळ्यात चकचकीत जागा बघून लावलं होतं.

"हे लाल काय, आबा?"

"मला काय ठावं? तसंच आलं असंल."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, देव्हाऱ्याकडं पाहिलं. "व्हय," म्हणाला, "येतं कधीकधी."

शाळेतल्या पोरांकडं असतो तसा खोडरबर त्यानं खिशातून काढला आणि एकेक दात पुसत बसला. खाचेत ब्रश फिरवला. अर्ध्या तासानं कार्ड बसवलं आणि बटण मला दाबायला लावलं.

पडदा उजळला.

"जोर दिल्याबिगर खरं कळणार न्हाई," म्हणून त्यानं पोराचा गेम सुरू केला. पोरानं जिथं सोडला होता तिथंच तो उघडला. माळावर एक माणूस पाठमोरा उभा. काहीच करत नव्हता. नुसते खांदे वर-खाली होत होते.

पोराची आई दारातनं म्हणाली, "श्वास घेतोय."

त्यानं कीबोर्डवरचे हात उचलले. "उभा हाय," हळूच म्हणाला, "उभा राहू द्या."

त्यानंतर दर महिन्याला तो न बोलवता यायचा, आतली धूळ उडवायचा. "राहूला चाललो होतो, वाटेत आलो." आमचं मांडवगण राहूच्या वाटेवर नाही, हे त्यालाही ठाऊक, मलाही. पडदा उजळला की त्या पाठमोऱ्याला म्हणायचा, "काय पाव्हणं, बरं हाय ना?" आणि उत्तर येईल म्हणून थांबल्यासारखा थांबायचा. दर वेळी मी ठरवायचो, आज सांगून टाकू की कुंकू मीच लावलं. ओठापर्यंत यायचं आणि मिशीपाशी अडायचं.

मग तीन महिने आला नाही. फोन लागेना. शिरूरला गेलो तर शटर बंद. शेजारचा म्हणाला, "छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत आटोपलं."

तसाच राहूला गेलो. मी गावाचं नाव सांगताच त्याची बायको म्हणाली, "कुंकवाचे आबा व्हय तुम्ही?" हसली आणि पदर डोळ्याला लावला. "लई सांगायचे तुमचं. म्हणायचे, म्हाताऱ्याला सगळं कळतंय, मी कशाला विचारू?"

"मीच लावलं होतं," मी म्हणालो.

"ठावं हाय. बसा की."

मी बसलो नाही.

आता आत पुन्हा धूळ झालीय. शिरूरला दुसरे दुकानदार पुष्कळ आहेत, पण मी कुणाला बोलवत नाही. दुपारी बटण दाबतो. तो पाठमोरा उभा असतो. खांदे वर-खाली होतात आणि पंखा घरघरत राहतो, रोज थोडा जास्त.

काल पोराची आई म्हणाली, "अवो, धाप लागलीय त्याला."